बुरांस लावलेली कुंडी

मित्रांनो, मी एक जुनी मातीची कुंडी आहे. मानखुर्दला एका इमारतीच्या तळमजल्यावर, नळाजवळच्या भिंतीला टेकून मी पालथी पडले आहे. माझ्यात आता माती नाही. येणारे-जाणारे माझ्यावर पिशवी टेकवतात, कुणी बूट काढायला पाय ठेवतात. त्याचं मला दुःख नाही. दुःख आहे ते वेगळंच, आणि ते सांगायला मला तुमच्याशिवाय कुणी नाही.

माझा जन्म धारावीच्या कुंभारवाड्यात झाला. कुंभाराने मला चाकावर उभं केलं, काठ अंगठ्याने दाबला, तळाला भोक पाडलं आणि भट्टीत घातलं. भाजून निघाल्यावर टेम्पोत बसून मी एका मोठ्या सरकारी बागेत गेले. तिथे मला खंडू माळी भेटला.

खंडूचा हात चांगला होता. वाळलेली फांदी त्याने खोचली तरी फुटायची. बागेत कुणी मोठा साहेब पाहणीला येणार असला की आदल्या आठवड्यात आमची आंघोळ व्हायची. झाडांच्या बुंध्यांना आणि आम्हा कुंड्यांना खाली गेरू, वर चुना. उरलेली चुन्याची निवळी खंडू मुळाशी ओतायचा, म्हणजे वाळवी लागत नाही. बोगनवेल, जास्वंद, क्रोटन, कुणालाच त्याने कधी अपाय झाला नाही. साहेब म्हणायचे, "वा खंडू, बाग कशी नवरीसारखी सजवलीस!" खंडू ते घरी जाऊन दहा वेळा सांगायचा.

मग प्लॅस्टिकच्या कुंड्या आल्या. आमच्या रांगेतल्या बहुतेक जणी भंगारात गेल्या. खंडू निवृत्त झाला, तेव्हा त्याने मला मागून घेतलं आणि रिक्षात मांडीवर धरून घरी आणलं.

घरी त्याची बायको सुनंदा आणि मुलगी दीप्ती होती. दीप्ती हॉटेलच्या कामाचं शिकली आणि नोकरीला पार उत्तराखंडात, कुमाऊंच्या डोंगरात गेली. दोन वर्षांनी तिचा फोन आला की, तिकडच्या रोपवाटिकेत काम करणाऱ्या मुलाशी तिने कचेरीत जाऊन लग्न केलं.

"जातीपातीचं मला काही नाही," खंडू म्हणाला. "बाबासाहेबांनी तेच शिकवलंय. पण बापाला आधी विचारायचं नाही? मी काय मेलो होतो?"

त्या दिवसापासून त्याने मुलीशी बोलणं टाकलं. जावयाचं नाव त्याच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. सुनंदालाही त्याने बजावलं, "तुला बोलायचं तर बोल. पण तिचा एकही निरोप माझ्यापर्यंत आणायचा नाही. एक शब्द नाही."

वर्षभराने दीप्तीने एका मैत्रिणीबरोबर खोक्यातून एक रोप पाठवलं. वीतभर उंच, चामड्यासारखी जाड पानं. ते ऱ्होडोडेंड्रॉन होतं. पहाडात त्याला बुरांस म्हणतात. त्यातलीच, जरा गरम हवा सोसणारी ही जात जावयाने स्वतः वाढवली होती. फोनवर दीप्ती सुनंदाला सांगत होती आणि मी शेजारीच होते.

"आई, खोल लावू नकोस, त्याची मुळं वरवरच असतात. दुपारचं ऊन नको. बोअरचं पाणी अजिबात नको. आणि चुना, राख, अंड्याची टरफलं, यातलं काही घालायचं नाही हं. त्याला आंबट माती लागते. चुना म्हणजे त्याला विषच."

"बरं गं बाई. इतके लाड तर तुझेपण केले नाहीत मी."

सुनंदाने ते माझ्यात लावलं. नारळाचा काथ्या, कुजलेला पाला, वर थोडी माती. सकाळचं कोवळं ऊन मिळेल आणि दुपारी भिंतीची सावली येईल, अशा जागी मला ठेवलं. पाण्यासाठी तिने युक्ती काढली. वरच्या मजल्यावरच्या जयंतीभाईंच्या एसीचं पाणी खाली ठिबकायचं, तिथे बादली लावली. त्या पाण्यात क्षार नसतात.

जयंतीभाई खिडकीतून ओरडायचे, "सुनंदाबेन, तुमच्या झाडासाठी आता थंडीतपण एसी चालू ठेवू काय?"

"ठेवा की! तेवढंच झाडाचं पुण्य लागेल तुम्हाला."

खंडू पहिलं वर्ष फिरकला नाही. दुसऱ्या वर्षी तो चहाचा कप घेऊन माझ्याजवळ उभा राहू लागला. एकदा सुनंदा घरात आहे असं पाहून त्याने पानामागची कीड हाताने वेचली. शेवटी माळ्याचाच हात तो.

सुनंदाने एके दिवशी विषय काढला. "अहो, पोरीला एकदा येऊ द्या ना."

त्याने बुरांसचं एक पान उलटून पाहिलं. मग म्हणाला, "मानखुर्दला पहाडातलं फूल! बरं, फुलू दे तिचं झाड. ज्या दिवशी फुलेल त्या दिवशी बोलाव."

मित्रांनो, त्या दिवसापासून मी फक्त कुंडी राहिले नाही. एका मुलीचं माहेर माझ्या पोटात होतं.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर शेंड्याला एक जाड कळी धरली. मार्चमध्ये ती फुगली आणि टोकाला लाल रेघ दिसू लागली. सुनंदाने फोनवर सांगितलं आणि पलीकडे दीप्ती रडली. चौदा एप्रिलच्या जयंतीला यायचं ठरलं. खंडूने कळीकडे पाहिलं आणि मान डोलावली. नाही म्हणाला नाही.

मार्च संपता संपता सुनंदा बहिणीकडे गोवंडीला दोन दिवस गेली. जयंतीसाठी घरोघर रंगरंगोटी चालली होती. खंडूनेही गेरू आणि चुना आणला. माझ्यासमोर पाट टाकून बसला आणि मला पुसून, खाली गेरू, वर चुना असे दोन दोन हात दिले. मोठ्या साहेबासाठीसुद्धा त्याने इतक्या सावकाश कुंडी रंगवली नव्हती. मग झाडाच्या बुंध्याला त्याने चुन्याचा पट्टा ओढला. आणि उरलेली निवळी, नेहमीप्रमाणे, मुळाशी ओतली.

मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

सुनंदा परतली आणि दारातच थबकली. "अहो, हे काय केलंत? चुना? त्याला चुना विष आहे! पोरीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणाला होता ना? तिचा एक शब्द माझ्यापर्यंत आणायचा नाही म्हणून."

खंडू माझ्याजवळ खाली बसला. त्याने झाड काढलं, मुळं धुतली, नवा काथ्या आणला, मला ब्रशने खसाखसा घासलं आणि झाड परत माझ्यातच लावलं. पण मी भाजलेली माती. माझ्यात जे मुरलं ते मुरलं. आठवड्यात पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. बाराव्या दिवशी कळी तपकिरी होऊन गळाली. ती त्याने तळहातावर घेतली आणि खिशात टाकली.

सुनंदा म्हणाली, "गेलं तर गेलं. झाडाचं काय घेऊन बसलात? पोरीला येऊ द्या."

"कुठल्या तोंडाने? चाळीस वर्षं माळी होतो असं सगळ्यांना सांगत फिरतो मी. तिच्या नवऱ्याने वाढवलेलं झाड मी मारलं, हे सांगू? सांग तिला, मुंबईचं ऊन नाही सोसलं."

सुनंदाने तेच सांगितलं. फोन मोठ्या आवाजावर होता, खंडू दाराशी उभा होता. पलीकडून दीप्ती म्हणाली, "ऊन नाही गं आई. पप्पांनी मुद्दाम पाणी बंद केलं असेल. मला यायला नको होतं ना त्यांना? नाही येत. सांग त्यांना, सुखी राहा."

सुनंदाने खंडूकडे पाहिलं. त्याने नको अशी मान हलवली. तिने फोन ठेवला.

जयंतीला दीप्ती आली नाही. पुढच्याही वर्षी आली नाही. खंडूने झाडाचा सांगाडा उपटला आणि मला इथे पालथं घातलं. तो नळावर येतो, पण माझ्याकडे पाहत नाही. आणि तिकडे डोंगरात एक मुलगी समजून बसली आहे की बापाने तिचं झाड तहानेने मारलं.

मित्रांनो, बुरांस लावाल तर माती आंबट ठेवा, मुळं वरवर ठेवा आणि चुना दूर ठेवा. एवढं कुणीही शिकवील. पण कुठल्याही झाडाला हात लावण्याआधी, ते ज्याने वाढवलं त्याला विचारा. त्याच्यावर तुमचा राग असला तरी विचारा. आणि दोन माणसांच्या मध्ये तुम्ही उभे असाल, तर कुणी मान हलवली म्हणून खरं गिळू नका. मला बोलता येत नव्हतं. सुनंदाला येत होतं.