रोही हाकलायचा धंदा

पह्यल्याच दिवशी रोही आला, भोंग्यापुढं उभा राह्यला, कान टवकारून दोन मिनिटं आयकलं, अन मंग पाय दुमडून तिथीच बसला. बसल्या बसल्या बाजूची तूर खाऊ लागला.

मी वावराच्या धुऱ्यावर होतो म्हणून सांगून राह्यलो. आयकीव गोष्ट नाही.

आमचा बंजाऱ्यायचा तांडा आर्णीपासून दोन कोसावर. माह्या घराले लागून बाबुलाल आड्याचं घर. मधात एक कुडाची भित, तिच्यातून फोडणीचा वास बी येते अन भांडण बी येते. बाबुलालची पोरगी वर्षा यवतमाळले आयटीआय करून आली, पण नोकरी काई भेटली नाही. इकडं रोह्यायनं, म्हंजे पुस्तकातल्या नीलगायीनं, तूर, चना, पराटी, काईच ठेवलं नव्हतं. पोरीनं डोकं लावलं. जुना भोंगा, फटफटीची बॅटरी अन आवाज भराचं कार्ड. बटन दाबलं का दर पाच मिनिटाले भोंगा वरडे.

"बा, हे आपण इकू," वर्षा म्हणे. "घरचा धंदा. कोनाची चाकरी नाही."

इथपर्यंत सगळं बराबर होतं. पण भोंग्यात आवाज भरला बाबुलालचा. आता बाबुलाल म्हंजे तांड्यातला सगळ्यात मवाळ माणूस. मुंगी चावली तर तिले अल्लाद बाजूले ठेवून माफी मांगन, असा. त्यानं भरलं, "हाट... हाट रे बाप्पा... जाय आता, लय झालं."

रोह्याले वाटलं, कोनी पाहुणचार करून राह्यलं.

घरी आल्यावर त्याची बायको रुपीबाई म्हणे, "धंदा करून राह्यले का पाळणा म्हणून राह्यले?"

दुसऱ्या खेपेले वर्षानं थेट वाघ आणला. मोबाईलवरून डरकाळी उतरवली अन कार्डात भरली. टिपेश्वरचं जंगल काई लय दूर नाही, वाघाचा धाक मानसाले बी अन जनावराले बी. पह्यलं गिऱ्हाईक बाजूच्या गावचे बाबाराव. त्यायनं सकायीच भोंगा नेला, पराटीत लपवून बसवला, अन कोनाले सांगतलं नाही. लोकं उगाच इचारत बसतीन म्हणे.

त्याच पराटीत दहा बाया कापूस वेचून राह्यल्या होत्या. वाघ डरकला. बायायनं वटीतला कापूस तिथीच सांडला अन ज्या पळाल्या, त्या गावाच्या पलीकडं जाऊन थांबल्या. साठ वर्साची बिजलीबाई लिंबाच्या झाडावर चढली. कशी चढली ते तिले आजवर सांगता येत नाही. उतरता मात्र येईना.

जंगलखात्याची मानसं आली, पिंजरा आला. एकानं पायाचा ठसा शोधला, तो कुत्र्याचा निंगाला. मंग सगळे झुडपामागं दम धरून बसले. पाच मिनिटानं वाघ पुन्हा डरकला. सगळे अजून खाली वाकले. डरकाळी सरली, घडीभर शांतता झाली, अन वाघ गोड आवाजात बोलला, "वीडियो अच्छा लगा हो, तो लाइक जरूर कीजिए."

सायबानं बाबारावकडं पाह्यलं. बाबारावनं आभाळाकडं पाह्यलं. झाडावरून बिजलीबाई म्हणे, "व माय! हा वाघ त हिंदी बोलते!"

सांजच्याले बाबाराव भोंगा घेऊन बाबुलालच्या दारात. काय काय बोलले ते मी भितीतून सगळं आयकलं, पण इथं सांगत नाही. घरात लेकीबाळी हायत.

ते गेल्यावर बाबुलाल म्हणे, "पोरी, बंद करू हे. आपल्यानं नाही होत."

वर्षा रडून राह्यली होती. "मी पूरं आयकलंच नाही, बा. डरकाळी आयकली अन खुश झाली. शेवटपर्यंत आयकाले पाह्यजे होतं."

"रडून काय होते?" रुपीबाई म्हणे. "त्या बाया पळाल्या, त्यायचा दिवस बुडाला. उद्या आपण तिघं जाऊ अन त्यायच्या वाटचा कापूस वेचून देऊ. शेन पडलं त माती घेऊनच उठते. आपण बी काई ना काई घेऊन येऊ."

दुसऱ्या दिवशी तिघं बाबारावच्या वावरात. मी बी गेलो, शेजारधर्म म्हणून, अन खरं सांगू का, मजा पाहाले. बिजलीबाई पह्यलं तोंड फिरवून होती, पण रुपीबाई तिच्या तासात, तिच्याच ओळीत, घुसली तशी नरमली. दुपार झाली. बाबुलालच्या वटीत पाह्यलं त कापूस थोडा अन वायला पाला जास्त. रुपीबाईचा पारा चढला.

"अवो वर्षाच्या बापा! कापूस वेचून राह्यले का खराट्याच्या काड्या? डोये काय बाजारात इसरून आले? बोंडं हासून राह्यले तुमाले, बोंडं!"

बाजूच्या वावरात तूर होती. तुरीतून एक मुंडकं वर आलं, मंग दुसरं, मंग चार-पाच. घोड्याएवढे रोही. त्यायनं रुपीबाईकडं पाह्यलं अन सगळा कळप शेपट्या वर करून जो सुटला, तो नाला उडून पार. बायायनं टाया वाजवल्या. वर्षा हातातलं बोंड तसंच धरून उभी.

घरी गेल्यावर तिनं मोबाईल मायपुढं धरला. आमच्या गोरबोलीत मायले याडी म्हणते. "याडी, दुपारी बोलली ना, तशी बोल. रोही हाकलाचे हायत."

रुपीबाईनं डोक्यावर पदर घेतला, घसा साफ केला. "रामराम मंडळी. मी रुपीबाई आडे. रोहीदादा, तुमी जरा बाजूले व्हा जी."

चार डाव केलं, चारी डाव तसंच. "राग काई नळ हाय का," ती म्हणे, "फिरवला का आला?" अन ती इषय इसरून गेली.

पण बाबुलाल इसरला नाही. या धंद्यात आपलं काम काय, हे त्याले उमजलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं बायकोच्या नव्या लुगड्यानं फटफटी पुसली. वर्षा कोठीमागं मोबाईल घेऊन दडून बसली होती. घटकाभर घर हाललं. मंग कोठीमागून बारीक आवाज आला, "भेटला माल, बा!"

ते कार्ड बाबारावच्या वावरात फुकट लावलं, झाल्या चुकीपाई. रोही फिरकला नाही. मंग मागणी आली. कार्डात कोनाचा आवाज, ते दोघायनं रुपीबाईले कळू दिलं नाही. पण रोही लय हुशार जनावर, आठ दिवसात एका आवाजाले सरावते. म्हणून दर हप्त्याले ताजी बोलणी पाह्यजे. बाबुलालनं चहात मीठ टाकलं. शेळीले पिठाच्या खोलीत कोंडलं. खुडूक कोंबडीखाली आलू ठेवले. सुचे नाही तवा भितीपाशी येऊन मले इचारे, "भीमसिंगभाऊ, या हप्त्यात काय बिघडवू?"

एक दिवस दुपारी रुपीबाई आर्णीवरून आटोनं येऊन राह्यली होती, संग आठ-दहा बाया. वळणावरच्या वावरातून आवाज आला, "अवो वर्षाच्या बापा! शेळी पिठानं पांढरी झाली, अन तुमी तिले नवरी म्हणून पाहून राह्यले का?"

आटो हासून हासून हालाले लागला. रुपीबाई तिथीच उतरली अन पायी घरी आली.

आमाले वाटलं, आता घरावरचे कवेलू उडते. तिनं थैली खुंटीले टांगली, चूल पेटवली, भाकर टाकली. एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी बी नाही. तिसऱ्या दिवशी बाबुलालनं तिच्यापुढं मिठाचा चहा करून सोताच पेला, अन वाट पाह्यली. ती उठून पाण्याले गेली.

बाबुलाल भितीपाशी आला. डोये भरून आलते. "भाऊ, मले वाटे ही मले वरडते. ही त माह्याशी बोलून राह्यली होती ना. घर सुनं लागून राह्यलं."

मंग तो जाऊन तिच्यापुढं बसला. वर्षा बी बसली.

"चुकलं," बाबुलाल म्हणे. "तुह्या आवाजावर धंदा केला अन तुलेच इचारलं नाही."

रुपीबाई म्हणे, "लोकं हासले, त्याचं नाही. हासू द्या. पण मले वाटलं, ह्या मानसाचं डोस्कं फिरलं. कोंबडीखाली कोनी आलू ठेवते? जीव नुसता टांगणीले लागला. मी कळंबच्या चिंतामणीले नवस बोलली, का ह्यायले शुद्ध दे. एकवीस नारळ कबूल केले. अन तुमी दोघं कोठीमागं हासत होते!"

बाबुलालनं खाली मान घातली. "नारळ मी वाहून नेतो. पायी."

"फटफटीनं जाऊ," ती म्हणे. "तुमी पायी निंगाले त वाटेत रोह्यायशी बोलत बसान."

त्या एका वाक्यानं बाबुलालचं तोंड असं उजळलं, का मले इकडं भितीआड हासू आवरेना.

कळंबवरून आल्यावर रुपीबाईनं धंदा हातात घेतला. माल माहा, त गिऱ्हाईकाशी बोलणं बी माहंच, म्हणे. आता घरून निंगणारं एक एक कार्ड ती पह्यल्यापासून शेवटपर्यंत आयकते, मंगच बाहीर जाऊ देते. बाबुलाल मुद्दाम काई करत नाही. गरजच पडत नाही. मुद्दाम न करता बी हप्त्याले एक त होतेच, अन वर्षाचा मोबाईल आता उघड्यावर चुलीपाशी ठेवला राह्यते.

परवा नेरवरून एका बाईचा फोन आला. म्हणे, तुमचा तो बाईच्या आवाजाचा भोंगा पाह्यजे, लवकर.

"वावर केवढं हाय?" रुपीबाईनं इचारलं.

"वावर नाही जी. घरी लावाचा हाय."

"घरी? अन रोही?"

"रोही नाही, जावई हाय. दिवाळीले आला, अजून बसून हाय. पोरीले घेऊन जा म्हटलं त म्हणते, राहू अजून. आमाले काई बोलता येत नाही."

रुपीबाईनं फोन दुसऱ्या कानाले लावला. मोठ्या गिऱ्हाइकाचा इचार करावा, तसा इचार केला.

"बाई, एवढ्या दिवसाचा बसला असन, त तो भोंग्यानं नाही उठाचा," ती म्हणे. "थांबा, मीच येतो." अन पदर खोचून आंगणात वरडली, "वर्षाच्या बापा, फटफटी काढा!"