पाइपातली रानवेल

मित्रांनो, मी वाळवंटातली एक रानवेल आहे. पण वाळवंट मी पाहिलेलं नाही. मी रुजले तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, सांडपाण्याच्या पाइपाच्या एका तुकड्यात.

ट्रक चालवणाऱ्या एका मामाने वाटेतल्या वाळूतून सात बिया वेचून आणल्या आणि भाचीच्या हातावर ठेवल्या. "जपून हं, छकुले. यंदा तिकडे फुलं आलीच नाहीत. या संपल्या की संपल्या." त्या सातांतली मी एक.

आमच्या बियांचं कवच मोठं हट्टी. भरपूर भिजल्याशिवाय ते उघडत नाही. छकुलीने दोन बिया तशाच पेरल्या आणि रोज उकरून पाहता पाहता हरवूनही टाकल्या. मग आजोबा पुढे झाले. त्यांचा जन्म नळ दुरुस्त करण्यात गेलेला. त्यांनी पॉलिशपेपर आणून दिला. "वरचा पापुद्रा जाईपर्यंतच घास. आतल्या जिवाला धक्का नको." घासलेल्या आम्ही पाचजणी रात्रभर कोमट पाण्यात पडून राहिलो. सकाळी टम्म फुगलो होतो.

घरात रिकामे कप चारच निघाले. उरले मी. आजोबांनी हातभर लांब पाइप कापला, खाली जाळी बांधली, जाडी वाळू आणि थोडी माती भरली आणि मला त्यात पेरलं.

आठवड्याभरात पाचही उगवलो. कपातल्या बहिणींना आईने कुंड्यांत हलवलं, अगदी हलक्या हाताने. पण आमचं मूळ सरळ खाली जातं आणि एकदा दुखावलं की पुन्हा धरत नाही. चौघीही माना टाकून गेल्या. छकुली त्या दिवशी जेवली नाही.

"आता हिला कुणी हात लावायचा नाही," आईने बजावलं.

"मीसुद्धा?" आजोबांनी विचारलं.

"बाबा, तुम्ही तर मुळीच नाही."

हात कुणी लावला नाही, हे खरं. पण पाणी? आई ऑफिसला निघताना घाली. आजोबा चहानंतर घालत. शाळेतून आल्यावर दप्तर न काढताच छकुली घाली. माझी पानं पिवळी पडली. मुळाशी कुबट वास येऊ लागला. तेव्हा मामाला फोन लागला.

"पाणी कोण घालतं?"

"मी," तिघेही एकदम म्हणाले आणि एकमेकांकडे बघत राहिले.

"शाबास. पोहायला शिकवताय का तिला? आठ दिवस थेंबही नको. नंतर मातीत बोट खुपसून बघा. आत कोरडं लागलं तरच पाणी."

ते आठ दिवस माझ्यापेक्षा छकुलीला जड गेले. ती तांब्या घेऊन दारात उभी राही.

"आई, तिला तहान लागली असेल गं."

"बोट घालून बघ."

"आत ओलंच आहे."

"मग ठेव तांब्या. माया करायची तर थोडं गप्प बसायलाही शिकावं लागतं, बाई."

तिने तांब्या ठेवला, पण ती गेली नाही. माझ्याजवळ बसून तिने गृहपाठ केला.

नववा दिवस उजाडला, तेव्हा मी एक नवं पान काढलं, करडं, लवदार. पुढे दुपारच्या उन्हात कठड्यावरून खाली पसरले. तिसऱ्या महिन्यात फुलले: लालभडक पाकळ्या आणि मधोमध काळा, चकचकीत डोळा. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन म्हणाल्या, "हे प्लॅस्टिकचं ना?" आजोबा दिवसभर हसत होते.

आता माझा बहर सरला आहे. पानं वाळत चालली आहेत. काल काकू आईला म्हणाल्या, "उपटून टाका की, कचरा झालाय नुसता." छकुली पाइपाला पाठ लावून उभी राहिली. "काकू, तिला शेंगा आल्यात."

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी वेल तुमच्या घरी असली, तर शेंगा वाळून तडकेपर्यंत तिला राहू द्या. ती सुकलेली दिसेल, पण तिचं काम अजून संपलेलं नसतं.