नदीसाठी राखलेली खुर्ची

ताईच्या घरामागचं तळं बुजवून तिथे गाड्या लावायला जागा करायचं महापालिकेने ठरवलं होतं. सुनावणी सोमवारी होती. त्याआधी जगभरच्या पर्यावरण कार्यकर्त्यांची परिषद नेमकी आमच्याच शहरात भरली, तेव्हा ताईने बोलायला तीन मिनिटं मागून घेतली. परिषदेने एका ओळीचा पाठिंबा दिला तरी सोमवारी साहेबांपुढे ठेवायला हातात काहीतरी असेल, असा तिचा विचार. थोरल्या बहिणीची पिशवी धरायला मी.

सभागृहात खुर्च्या गोल मांडल्या होत्या, कारण तिथे कुणी पुढचा नाही आणि कुणी मागचा नाही. कानात दुभाष्याचं यंत्र. टाळ्यांचा काहींना त्रास होतो म्हणून टाळ्या वाजवायच्या नाहीत. दोन्ही हात वर करून बोटं हलवायची. दाराशी महापालिकेचे इंजिनिअर बिस्किटं खात बसले होते. यजमान शहराचे निरीक्षक म्हणून त्यांना पाठवलेलं. तळं बुजवणारेही तेच.

माझे गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून एका रिकाम्या खुर्चीवर टेकलो. तिच्यावर निळं कापड होतं. सभागृह एकदम शांत झालं.

"नदी आली," सूत्रसंचालक बाई हळूच म्हणाल्या. सगळ्यांनी बोटं हलवली.

ती खुर्ची नदीसाठी राखलेली होती. दर परिषदेत ती मांडायची आणि ती रिकामी राहिली म्हणून हळहळायचं, असा रिवाज.

"ऊठ तिथून, ठोंब्या," ताई दातओठ खात म्हणाली. मी उठायला गेलो तर शेजारचे दाढीवाले गहिवरले. "नदी अस्वस्थ आहे." मी म्हणालो, मला जरा बाहेर जाऊन यायचंय. दुभाष्यांनी ते सहा भाषांत सांगितलं. नदीला वाट मोकळी हवी, असा ठराव तिथल्या तिथे मंजूर झाला. मला मात्र कुणी वाट दिली नाही.

या भानगडीत ताईची तीन मिनिटं संपली.

"आता बसलाच आहेस तर तळ्याचं तरी बोल," ती कानाशी येऊन म्हणाली.

बोललो. लगेच परिषदेच्या कायदे सल्लागारांचा हात वर. "तळ्याच्या वतीने नदीने बोलणं म्हणजे वाहत्या पाण्याने साचलेल्या पाण्यावर केलेली कुरघोडी आहे. तळं स्वतः कुठे आहे?"

"माझ्या घरामागे," ताई म्हणाली.

"मग त्याला का नाही आणलं?"

ताईने सगळा जन्म शाळेत भूगोल शिकवण्यात घालवलेला. असले प्रश्न विचारणारी पोरं तिने पुष्कळ पाहिली होती. तिने एक खुर्ची ओढली, माझ्याशेजारी मांडली आणि पदर सावरून बसली. "मी तळं. बोला."

पुरावा मागायची सोय नव्हती. स्वतःला कुणी काहीही म्हणवून घेतलं तरी ते मानायचं, हा तिथला नियम. बोटं हलली. मग दाढीवाल्यांना राहवेना, ते डोंगर झाले. एक आजी खाडी झाल्या. एकाच जंगलावरून दोघांचं वाजलं, शेवटी उत्तर आणि दक्षिण अशी वाटणी झाली. दोन हिमनद्या मोबाइल चार्ज करायला एकाच प्लगपाशी भांडत उभ्या होत्या. बाई स्वतः ढग.

तळ्याला पाठिंब्याचा ठराव मतदानाला आला. आत्ताच दलदल झालेले सल्लागार म्हणाले, "मताचा अधिकार फक्त माणसांना आहे."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकदा डोंगर झाल्यावर परत माणसात यायला कुणी तयार होईना. मग हळूहळू सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

इंजिनिअरांनी बिस्किट खाली ठेवलं. "मी फक्त निरीक्षक आहे."

"माणूस आहात ना?" ताईने विचारलं.

"तसा आहे."

"मग करा हात वर."

"मॅडम, हात वर केला तर सोमवारी माझी पंचाईत होईल."

"नाही केलात तर आत्ता होईल."

हिमनद्या प्लग सोडून त्यांच्याकडे सरकायला लागल्या. इंजिनिअरांनी हात अर्धा वर केला, उरलेला बाईंनी केला. ठराव एकमताने मंजूर.

सोमवारी इंजिनिअरांनी फाइल उघडली, समोर ताईला पाहिलं आणि फाइल मिटली. "यात तळ्याचं म्हणणं ऐकून घेतलेलं नाही," ते वरिष्ठांना म्हणाले.

"तळं काय बोलणार आहे?"

"बोलतं साहेब. माझ्याशी बोललंय."

वरिष्ठांनी त्यांच्याकडे जरा काळजीने पाहिलं, त्यांना आठवडाभर रजा दिली आणि सुनावणी पुढच्या वर्षावर ढकलली.

जिना उतरताना मी ताईला विचारलं, तोवर आपण काय करायचं.

"तळी काय करतात?" ती म्हणाली. "साचून राहायचं."