बहात्तर किलो

मांडीच्या हाडाचा घेर सांगा, मी प्राण्याचं वजन सांगते. याच कामाचा मला पगार मिळतो. हत्ती असो नाहीतर कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेला डायनोसॉर, माझं गणित सहसा पाव हिश्शापलीकडे चुकत नाही, आणि तेही मी आधीच सांगून टाकते. विद्यार्थ्याने मोजमाप न घेता आकडा ठोकून दिला, की मी त्याची खरडपट्टी काढते.

माझे बाबा हिम्मतराव बस डेपोत मेकॅनिक होते. रिटायर झाल्यावर विद्यानगरच्या घरात ते माझ्यासाठी मातीचे डायनोसॉर करायचे. मी ते पाण्यात बुडवून आकारमान काढायची, मग बाबा त्यांना दोऱ्याने टांगून तोल बघायचे.

"शेपूट हलकं पडलं न रूपा. तोंडावर पडतंय हे," म्हणायचे. बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर निघायचं.

तरुणपणी बाबा नांदेडहून हैदराबादला आले तेव्हा म्हणजे नुसता हाडांचा सापळा. नोकरी लागली, आईच्या हातचं खाऊन अंग भरलं. गौलीगुड्याच्या बसस्टँडवर नाणं टाकून वजन केलं, त्याचं कार्ड त्यांनी पाकिटात जपून ठेवलं. बहात्तर किलो. कुणीही वजन विचारलं की छाती काढून तेवढंच सांगायचे.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हापासून बाबा उन्हाळ्यातही स्वेटर घालायला लागले. मी कुरकुरायची, काट्यावर उभे राहा म्हणायची.

"कायको परेशान होतीस? बहात्तर हाय न, पक्का."

मी ऐकून घ्यायची, कारण मला कामावर जायची घाई असायची.

गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी दोरा हातात धरून उभे असताना त्यांचा डावा पाय दुमडला. तोंड वाकडं झालं. तासाभरात मी त्यांना दवाखान्यात पोचवलं. नर्सने त्यांचं घड्याळ, चष्मा आणि कमरेचा पट्टा माझ्या हातात दिला. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लगेच द्यायला हवं होतं, आणि त्याचा डोस वजनावर ठरतो. बाबांना उभं करता येत नव्हतं.

"वजन किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"बहात्तर," मी म्हणाले. अगदी ठामपणे.

रात्री मेंदूत रक्तस्राव झाला. अतिदक्षता विभागातल्या पलंगाला काटा होता. त्यावर चोपन्न दिसत होतं. तिसऱ्या दिवशी बाबा गेले. बरोबर डोस दिला तरी कधीकधी असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर चांगला माणूस होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकले नाही. मी पाव हिश्शाने चुकले होते. आमच्या कामात एवढी चूक चालते.

आठवड्याने दवाखान्याची पिशवी उघडली. पट्ट्याला मुळातली पाच भोकं होती. त्यांच्या पुढे, बकलाच्या बाजूला बाबांनी खिळ्याने आणखी चार पाडली होती. शेवटचं अगदी ताजं दिसत होतं. मी टेप लावला, घेर घेतला, उंची मला ठाऊक होती. कागदावर दोन ओळींचं गणित झालं. पंचावन्न आलं.

डॉक्टरांनी वजन विचारलं तेव्हा हा पट्टा माझ्या हातात होता.