मी तापते, तेव्हा रबर जुळतं

मी एक जुनी, काळवंडलेली मशीन आहे. मुकुंदवाडी स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर अजिनाथचं पंक्चरचं दुकान आहे, तिथं मी असते. खाली तापणारी लोखंडी पाटी, वर दाबायचा स्क्रू, एवढाच माझा देह. पण मित्रांनो, माझं घराणं मोठं आहे.

फार पूर्वी झाडाच्या चिकाचं रबर भरवशाचं नव्हतं. उन्हाळ्यात चिकट व्हायचं, थंडीत तडकायचं. लोक कंटाळले. चार्ल्स गुडइयर नावाचा संशोधक मात्र कंटाळला नाही. लोक हसले, तरी तो वर्षानुवर्षं रबरात काहीबाही मिसळून बघत राहिला. शेवटी गंधक मिसळलेलं रबर तापवल्यावर त्याला हवं ते गवसलं. ते उन्हात पाघळेना, थंडीत तडकेना. पुढं सारी चाकं त्या शोधावर पळाली.

तोच शोध माझ्या पाटीवर रोज घडतो. ट्यूबच्या भोकावर गंधक घातलेल्या कच्च्या रबराचा तुकडा ठेवतात, मी ऊब देते आणि दोन्ही एकजीव होतात. नुसतं चिकटवणं वेगळं, एकजीव करणं वेगळं.

मला अजिनाथच्या वडिलांनी, मुंजाबांनी हौसेनं आणलं. यंदाच्या उन्हाळ्यात ते गेले. म्हणून खंडेनवमीची पूजा त्यांच्या पत्नीनं, मंजुळाबाईंनी केली. मुंजाबा मला झेंडूचं एक फूल वाहायचे. मंजुळाबाईंचं मन तेवढ्यानं भरेना. बाळाला माखावं तसं त्यांनी मला गोडेतेलानं चोळलं, पाटीसुद्धा सोडली नाही. किती मायेचा हात होता तो!

दसऱ्यानंतर पहिलंच काम पाणीवाल्या मोतीरामच्या टँकरच्या ट्यूबचं आलं. तासाभरात तो ट्यूब खांद्यावर टाकून परत आला.

"अजिनाथ, तुझा जोड हर्सूलपस्तोर बी नाय गेला. आख्खी गल्ली हंडे घिऊन बसलीय माझ्या नावानं."

अजिनाथ ओशाळला. "बाची मशीन म्हातारी झाली, मामा. भंगारवाल्याला फोन केलाय. येईलच."

माझं काळीज थंड पडलं, मित्रांनो. काम चुकलं होतं खरं. पण का, ते मला सांगता येईना.

दुकानातच बसलेल्या मंजुळाबाईंनी सुटलेला तुकडा उचलला, बोटानं चोळला, नाकाशी नेला.

"आरं, हे तर तेल हाय. म्याच चोळलं हुतं. तेलावर रबर कसं धरंल?"

"आये, मशीन हाय का भजी तळायची कढई?"

"गप. फडकं आण."

त्यांनी पाटी पुसली, घासली, पुन्हा पुसली. ट्यूबही घासून कोरडी केली. नवा तुकडा बसला, स्क्रू आवळला. मी जीव लावून तापले.

"काढ की आता," मोतीराम म्हणाला.

"थंड हू दे. लई घाई आसंल तर तू फुंकर घाल," मंजुळाबाई म्हणाल्या.

ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्यात बुडवली. एकही बुडबुडा आला नाही. मोतीराम नुसता हसला आणि ट्यूब घेऊन गेला. टँकरचा आवाज दूर जाईपर्यंत माझी पाटी अभिमानानं ऊन होती.

अजिनाथनं फोन काढला. "भाई, मत आना. मशीन कामपे है."

मित्रांनो, जुनी वस्तू एखाद्या दिवशी हरली, तर तिला लगेच म्हातारी म्हणू नका. आधी पुसून बघा. आणि तिच्यावर माया करायची असेल तर जरूर करा, पण तिला काय सोसतं ते ओळखून करा. मग बघा, ती तुमच्यासाठी कशी तापते.