गोलकीपरचा गुडघा

आमच्या घरात फुटबॉलचे दोन क्लब होते. लोकांना वाटायचं, केवढी ही चैन. ज्यांना असं वाटतं त्यांनी दोन सुनांना एका चुलीपुढं उभं करून बघावं आणि मग माझ्याशी बोलावं.

पहिला क्लब मोंताल्बेरोचा. तिथं आमचा कोंबड्यांचा कारखाना. मी आणि माझा नवरा ओत्ताविओ, आम्ही शेडमध्ये उभं राहून हातानं पिसं उपटली तेव्हा कुठं तो उभा राहिला. आता पोरं त्याला 'ग्रुप' म्हणतात. पैसा आला की आमच्याकडच्या पुरुषांना दोनच गोष्टी सुचतात, बोट नाहीतर फुटबॉल. ओत्ताविओला बोटीत उलट्या व्हायच्या.

दुसरा क्लब रिव्हासेक्काचा, माझ्या माहेरचा. समुद्रकाठचं गाव, हवा खारट आणि माणसंही खारट. आठ वर्षांपूर्वी त्या क्लबाचं दिवाळं निघालं, मैदानाला कुलूप लागलं, आणि ओत्ताविओनं तो घेऊन टाकला. म्हणाला, "एर्सिलिया, तुझ्यासाठी." पन्नास वर्षं संसार केल्यावर कुठली गोष्ट कुणासाठी असते ते बाईला कळतं. आमचे दोन मुलगे, रेन्झो आणि दुइलिओ, एका खोलीत अर्धा तास बसले की तिसऱ्याला उठून खिडकी उघडावी लागायची. थोरल्याला मोंताल्बेरो मिळाला होता, मग धाकट्याला काहीतरी द्यायला हवं होतं. पुढं ओत्ताविओ गेला आणि सगळ्या कागदांवरची शेवटची सही माझ्याकडे आली.

दोन क्लब ठेवायला तशी हरकत नसते. हरकत एवढीच, की एका घराण्याचे दोन संघ एका श्रेणीत खेळता कामा नयेत. आम्हाला त्याची काळजी नव्हती. मोंताल्बेरो सगळ्यात वरच्या मजल्यावर आणि रिव्हासेक्का तळघरात. रेन्झोला जे खेळाडू नकोसे व्हायचे ते तो धाकट्याला उसने द्यायचा. म्हातारे, लंगडे, तोंडाळ. दुइलिओ त्यांना घेऊन जायचा, त्यांच्या बायकांना घरं शोधून द्यायचा, त्यांच्या पोरांना शाळेत घालायचा. तिसऱ्या वर्षी तो तळघरातून एक जिना वर आला. आम्ही टाळ्या वाजवल्या. जिना कुठं संपतो ते कुणी बघितलं नाही.

यंदा मे महिन्यात मोंताल्बेरो घसरला आणि दुसऱ्या श्रेणीत येऊन पडला. आणि त्याच महिन्यात रिव्हासेक्का जिंकत जिंकत त्याच श्रेणीच्या दारात येऊन उभा राहिला. शेवटची लढत उरली, दोन सामन्यांची. त्यातला पहिला समोरच्यांच्या गावी बरोबरीत सुटला. दुसरा रविवारी, आमच्या मैदानावर. जिंकलो तर वर, आणि वर गेलो तर दोनांतला एक विकायचा. मोंताल्बेरो विकायचा विषयच नव्हता, कारखान्याची हजार माणसं तिथं दर सामन्याला बसतात.

वकील पिन्योत्तीला घरी बोलावलं. रेन्झो म्हणाला, "सोपं आहे. रिव्हासेक्का दुइलिओच्या मेव्हण्याच्या नावावर करू."

"मेव्हणा नात्यात येतो," पिन्योत्ती म्हणाला.

"मग माझ्या सासूच्या नावावर."

"साहेब, सासूसुद्धा नातेवाईकच असते."

"मला तर कधी तसं वाटलं नाही."

मी हसले. दुइलिओ हसला नाही. आयुष्यभर आम्ही प्रत्येक गोष्ट कुणातरी नातेवाइकाच्या नावावर टाकत आलो. जमीन चुलत्याच्या, ट्रक भाच्याच्या. नातं म्हणजे कुलूप, असा आमचा हिशेब. आता एक परका माणूस पाहिजे होता, ज्याच्यावर भरवसा ठेवता येईल असा, आणि आम्ही तिघं डोकं खाजवून दमलो तरी एक नाव सुचेना. इतकी वर्षं जगून ही आमची कमाई.

रेन्झोनं मग खिशातून कार्ड काढलं. एक कंपनी होती. चार देशांत तिचे सहा क्लब होते आणि सातवा शोधत होती.

दुइलिओनं कार्ड हातात घेतलं नाही. "आधी जिंकू तर दे," एवढंच म्हणाला आणि गेला.

घरच्या मैदानावर सामना असला की रिव्हासेक्काची पोरं त्याआधीच्या गुरुवारी माझ्याकडे जेवायला येतात. ओत्ताविओच्या वेळची रीत आहे. मी आणि माझी सून कणकेच्या टोप्या वळतो, आत चीज भरतो आणि कोंबडीच्या सुपात उकळतो. त्या गुरुवारी सगळी पोरं आली, पण आवाज नव्हता. नेव्हिओ तास्सान, आमचा गोलकीपर, टेबलाच्या टोकाला बसला होता. चौतीस वर्षांचा, रेन्झोनं फेकून दिलेला माणूस. यंदा त्याच्यामागं चेंडू गेला असेल तर चुकूनच. दोन वाट्या खातो एरवी. त्या दिवशी अर्धी खाल्ली.

मी त्याच्याशेजारी बसले. "काय रे, मीठ जास्त झालं?"

"नाही सिन्योरा. गुडघा दुखतोय."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून." त्यानं चमचा खाली ठेवला. "मंगळवारी साहेबांनी मला सांगितलं."

"काय सांगितलं?"

"की माझा गुडघा दुखतोय."

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो सुपाकडे बघत होता. "रविवारी खेळू नकोस म्हणाले. डॉक्टरचा कागद तयार आहे. सिन्योरा, मी उसना माणूस आहे, मला जिथं ठेवतील तिथं मी उभा राहतो. पण तुमच्या घरी बसून खोटं कसं गिळू?"

जेवणं उरकली तशी मी रेन्झोला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. निर्लज्ज, भावाच्या पायात पाय घालणारा, बापाच्या माघारी हे दिवस. त्यानं सगळं ऐकून घेतलं. त्याला सवय आहे.

"झालं तुझं, मम्मा? मी कशाला सांगेन? ते जिंकले तर मी विकून मोकळा होतो. मला एक क्लब झेपत नाही, तो बघतेयस ना खाली पडलेला? तास्साननं रविवारी हातपाय मोडेपर्यंत खेळावं, माझा आशीर्वाद आहे. साहेब म्हणजे कोणते साहेब ते नीट विचार. तुझ्या लाडक्याला विचार."

मी फोन ठेवला.

पुढचं सांगायला जड जातं, पण सांगते. मी दुइलिओला विचारलं नाही. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. मला कळलं होतं आणि मी गप्प बसले. हरलो तर क्लब घरात राहणार होता. माझा भाऊ त्या मैदानावर खेळला, आई तिथं शेंगदाणे विकायची, आणि आज मी मधल्या खुर्चीत बसते आणि गाव उठून उभं राहतं. ते मला सोडायचं नव्हतं. मुलानं माझ्याच मनातलं केलं होतं आणि पाप त्याच्या नावावर जमा होत होतं. दोन रात्री मी शांत झोपले, हेही सांगते.

शनिवारी सकाळी मी मैदानावर गेले. दाराशीच थांबले. तास्सानच्या गुडघ्याची बातमी गावात फुटली होती, आणि रिव्हासेक्काच्या बायका औषधं घेऊन आल्या होत्या. ड्रेसिंग रूमबाहेरच्या टेबलावर कोबीचे गड्डे रचलेले, कारण आमच्याकडे सूज उतरायला कोबीचं पान लाटून बांधतात. लेपासाठी हिरव्या मातीनं भरलेली भांडी होती. डुकराची चरबी, मधाची बरणी, घरी गाळलेल्या दारूच्या तीन बाटल्या, कुठल्याशा संताच्या दिव्यातलं तेल. पाव विकणारी योले, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, वाकून तास्सानच्या गुडघ्याला कोबी बांधत होती.

"हलू नकोस," ती त्याला म्हणाली. "माझ्या नवऱ्याला यानंच चालवला."

"तुझा नवरा मेला ना योले," दुसरी म्हणाली.

"चालत चालत मेला."

सगळ्या हसल्या. तास्सान बाकावर बसला होता, चांगल्या गुडघ्यावर कोबी बांधून घेत होता. त्यानं मला बघितलं आणि मान खाली घातली. योलेनं मला बघितलं आणि म्हणाली, "काळजी करू नकोस एर्सिलिया. उद्यापर्यंत उभा करते तुझा गोलकीपर." तिचे हात मातीनं हिरवे झाले होते. पहाटे तीनला उठून पाव भाजणारी बाई, दुकान बंद ठेवून आली होती.

मला तिथं उभं राहवेना.

दुइलिओ गोलच्या जाळीपाशी होता, एक सुटलेली गाठ बांधत. माळ्याचं काम, पण तो करतो.

"गाठ बांधून काय उपयोग?" मी म्हटलं. "चेंडू तर आतच जाणार आहे."

त्यानं वर बघितलं नाही. "तुला कधी कळलं?"

"गुरुवारी."

"मग गुरुवारी का नाही बोललीस?"

मी ड्रेसिंग रूमकडे बोट केलं. म्हटलं, "तिकडं जाऊन बघ. तुझ्या खोट्यावर कोबी बांधतायत."

"मम्मा, वर गेलो तर तीन महिन्यांत ते लोक येतील. सहा क्लब आहेत त्यांचे. चांगला खेळाडू निघाला की दुसऱ्या देशात पाठवतील आणि तिकडचा टाकाऊ इथं आणतील. योलेचं नावसुद्धा त्यांना माहीत होणार नाही."

"आणि आपण काय केलं? रेन्झोचं टाकाऊ आणलंच ना?"

"मी त्यांना माणसासारखं ठेवलं."

"ठेवलंस. म्हणून तर तास्सान तुझ्यासाठी खोटं लंगडायला तयार झाला."

तो जाळीला टेकून खाली बसला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, गवतावर पाय पसरून. "एक वर्ष," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी मोंताल्बेरो परत वर जाईल. मग मी रिव्हासेक्काला वर आणतो. फक्त एक वर्ष थांबायचं."

"योले एक्याऐंशी वर्षांची आहे."

"तुला पाहिजे का क्लब जायला?"

"नाही."

"मग?"

"उद्या तास्सान खेळेल. मी सांगते म्हणून खेळेल, तू मनाला लावून नको घेऊस. सही माझी चालते ना? मग हेही माझंच."

त्यानं उठून गाठ ओढून घट्ट केली. मग म्हणाला, "रेन्झोला मज्जा येईल."

"रेन्झोला कधीच मज्जा येत नाही. दमलाय तोही."

रविवारी तास्सान खेळला. डाव्या गुडघ्याला पट्टी होती. ती त्याला काढता येईना, योले पहिल्या रांगेत बसली होती. पहिल्या अर्ध्या तासात त्यानं दोन चेंडू असे अडवले की माझ्या शेजारचा म्हातारा रडायला लागला. आमचा गोल कुणाच्यातरी पाठीला लागून गेला, दिसायला काही नव्हता, पण गेला. शिट्टी वाजली आणि सगळं गाव मैदानात उतरलं. दुइलिओला खांद्यावर घेतलं. तो तोंड झाकून रडत होता आणि खालून लोक त्याच्या पायांवर थोपटत होते, रड बाबा रड, म्हणत होते, आनंदानं रड. मी मधल्या खुर्चीत बसून राहिले. 

कंपनीचा माणूस पंधरा दिवसांनी आला. सभ्य होता, पाणी दिलं तर आभार मानले. रिव्हासेक्काचं नाव त्यानं दोनदा चुकीचं घेतलं आणि दोन्ही वेळा त्यानं माफी मागितली. बारीक अक्षरातले कागद मला वाचता येत नाहीत, तिसरीनंतर शाळा सुटली. ओत्ताविओ गेल्यापासून ते मला दुइलिओ वाचून दाखवतो. मला वाटलं होतं तो येणार नाही, वकिलाकडून वाचून घ्यावं लागेल. तो आला. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागला. मैदान, दिवे, नाव, रंग, पोरांचे करार. रेन्झो दोनदा म्हणाला की एवढं सगळं वाचायची गरज नाही. दुइलिओनं त्याच्याकडे बघितलंही नाही. एकही ओळ गाळली नाही. तास्सानचं नाव आलं, उसना, मुदत संपली, परत मोंताल्बेरोकडे, तेव्हा तो थोडा थांबला आणि पुढं गेला.

शेवटचं पान वाचून झालं. त्यानं कागद माझ्याकडे सरकवला आणि कुठं सही करायची तिथं बोट ठेवलं.

"समजलं?" त्यानं विचारलं.

"समजलं."

मी हळू सही करते, एकेक अक्षर काढत. माझं होईपर्यंत त्यानं बोट तसंच ठेवलं होतं.