मी रिकामा नव्हतो

मित्रांनो, तुम्ही मला घंटा म्हणता. सकाळी शाळा भरताना आणि दुपारी सुटताना हातोडी घेऊन मला बडवता. बडवा, माझी ना नाही. पण मी घंटा नाही. मी ऑक्सिजनचा एक जुना बाटला आहे. बुडातून कापून, गळ्याला साखळी बांधून मला तुमच्या या ओसरीवर टांगले आहे. माझ्यावर एक आळ आहे. तो आळ तुम्हीही ऐकला असेल, कारण समोर सुकी मासळी विकायला बसणारी केसर मला रोज दगड मारायची आणि तुम्ही हसायचा. आज माझी बाजू ऐका.

माझा जन्म विलायतेतला. तापलेल्या पोलादाच्या एका अखंड गोळ्यातून मला ओढून काढले. सांधा नाही, जोड नाही. माझ्या पोटात एवढा दाब मावत असे की कच्च्या लोखंडाचे तुकडे झाले असते. लढाईच्या दिवसांत बोटीने मुंबईला आलो, गोऱ्या शिपायांच्या इस्पितळात राहिलो. स्वातंत्र्य मिळाले त्या वर्षी गोरे गेले आणि आमच्यासारखे पुष्कळ सामान मागे टाकून गेले. श्रीवर्धनच्या बाजूला सुपारीच्या बागाईतदारांनी वर्गणी काढून एक लहानसे धर्मादाय इस्पितळ चालवले होते. त्यांनी मला विकत घेतले.

इथे मला ऑक्सिजनचा बाटला असे कोणी म्हणत नसे. मी वाऱ्याचा बाटला. पोट रिते झाले की भरायला मुंबईला जायचे आणि आगबोटीने परत यायचे. आगबोट लांब पाण्यात उभी राही आणि चार कोळी मला पडावात उतरवून किनाऱ्याला आणत. पावसाळ्यात आगबोट बंद. मग माणगावहून एसटीच्या टपावर बांधून आणत. त्यामुळे मला फार जपत. खंडेनवमीला अवजारांबरोबर माझीही पूजा होई, गळ्यात झेंडूची माळ पडे. खोटे कशाला बोलू, मला ते आवडायचे.

माझी देखभाल रतनबाईंकडे होती. रतनबाई कोळीवाड्यातल्या. त्यांची आई नीराबाई सुके बोंबील विकून घर चालवायची. तिने लेकीला मुंबईला धाडून परिचारिका केले, आणि लेक परत येऊन आमच्या इस्पितळात नव्या मुलामुलींना शिकवू लागली. दम्याचा, न्यूमोनियाचा, धापेचा रोगी कसा सांभाळायचा, हा त्यांचा विषय. इस्पितळाच्या गुप्ते डॉक्टरांकडे परदेशी वैद्यकाचे मासिक टपालाने येई. ते वाचून झाले की रतनबाई व्हरांड्यात वर्ग भरवत आणि त्यातले शोधनिबंध मुलांना मराठीत समजावून सांगत. मी तिथेच भिंतीला टेकून उभा असे, म्हणून माझेही शिक्षण झाले.

पहिल्याच दिवशी त्या आईची बोंबलांची पाटी घेऊन वर्गात आल्या. पाटी मैनापुढे ठेवली. मैना माणगावकडच्या भातशेती करणाऱ्या घरातली, वर्गात सगळ्यांत हुशार.

"कसा आहे माल?" बाईंनी विचारले.

"चांगला हाय, बाई. पांढरा, वाळलेला," मैना म्हणाली.

"हात घाल आत. पार तळाला."

मैनाने हात घातला. वर आली ती ओलसर, मोडकी, वाळूने भरलेली मासळी. पाटी मागायला दारात आलेली नीराबाई चिडली. "माज्या मालाला नावं ठेवतेस व्हय गो, रतन? सगल्याच बाया चांगली मासली वर लावतान."

मुले हसली. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "आपल्या कोळीवाड्यात तळाला हात घातल्याशिवाय कोणी पाटी घेत नाही. छापलेल्या कागदाचीही पाटीच असते. वर लिहितात, औषधाने गुण आला. तुम्ही तळाला हात घाला. किती रोगी होते? कसे होते? ज्यांना औषध दिले नाही त्यांचे काय झाले? आणि शेवटचे विचारा, आपल्या खाटेवरचा माणूस त्यांच्यासारखा आहे का?"

पुढे मुलांना त्याचा नादच लागला. एकदा धापेवरच्या एका नव्या धुरीची मोठी वाहवा छापून आली होती. वर्गातल्या तुळशीरामने शोधून काढले की जे मेले त्यांना मोजणीतून वगळलेच होते. "बाई, तळाला कुसका माल हाय," तो म्हणाला, आणि तेव्हापासून वर्गात तोच शब्द रूढ झाला. इतके चांगले दिवस मी पुन्हा पाहिले नाहीत.

मग नीराबाई आजारी पडली. आयुष्यभर चुलीचा धूर खाल्लेली छाती तिची. खोकला तर कित्येक वर्षांचा. त्या थंडीत तिला उचलून आणले तेव्हा ओठ निळे होते. डॉक्टरांनी माझी चावी पुरी उघडायला सांगितली आणि रतनबाईंनी ती स्वतःच्या हाताने फिरवली. मी भरभरून दिले. निळे ओठ गुलाबी झाले. सगळे म्हणाले, बाटल्याने जीव वाचवला. पण म्हातारी गुंगत गेली, काहीबाही बरळू लागली, श्वास मंद होत गेला आणि तो गुलाबी रंग तोंडावर असतानाच ती गेली. असे का झाले ते कोणालाच कळले नाही.

कळले ते पुढच्या वर्षी. मासिकात एक निबंध आला. ज्यांची फुप्फुसे वर्षानुवर्षे निकामी होत आली आहेत, त्यांना एकदम भरपूर ऑक्सिजन दिला तर त्यांची श्वास घेण्याची ओढच मंदावते. त्यांना बारीक धारेने, जपून द्यायला हवा. रतनबाई वाचता वाचता व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. आपल्याच हाताने चावी फिरवली होती, हे त्यांना कसे सोसावे?

दुसऱ्या दिवशी त्या वर्गात आल्या त्या वेगळ्याच होऊन. त्या दिवशी पाटीचे नाव निघाले नाही. किती रोगी, कसे रोगी, काही नाही. त्यांनी मुलांकडून एकच वाक्य पाठ करून घेतले. "भरपूर वारा श्वास मारतो. चावी बारीक ठेवा." मैनाचे ते सर्वांत आधी पाठ झाले. तुळशीरामने विचारले, "बाई, सगल्यांनाच का?" बाईंचे डोळे भरून आले होते. त्या म्हणाल्या, "माझ्या आईला विचार." दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. इथे तर सगळ्या वर्गालाच ताक फुंकायला शिकवले.

सदा हा कोळीवाड्यातला तरणाबांड गडी, केसरचा नवरा. नारळी पौर्णिमा होऊन होड्या नुकत्याच पाण्यात गेल्या होत्या. त्याला थंडी भरून ताप आला आणि छातीत न्यूमोनिया झाला. जन्मात कधी खोकला नसलेला माणूस. सकाळी गुप्ते डॉक्टरांनी त्याला पेनिसिलिन टोचले, "ऑक्सिजन लावा" म्हणाले आणि अडलेल्या बाईसाठी दुसऱ्या गावी गेले. रतनबाई औषधांच्या पेट्या सोडवायला माणगावला गेल्या होत्या. खाटेपाशी मैना होती.

मित्रांनो, पेनिसिलिनला गुण यायला वेळ लागतो. तेवढा वेळ रोग्याला काढून देणे हे माझे काम. त्या दिवशी मी काठोकाठ भरलेला होतो, आदल्याच दिवशी मुंबईहून आलो होतो. दाब दाखवणारा माझा काटा पार टोकाला होता. मैनाने नळी लावली आणि चावी उघडली, अगदी बारीक. नळीच्या वाटेवर लावलेल्या पाण्याच्या बाटलीतून एकेक बुडबुडा निघू लागला.

दुपारी सदाचे ओठ काळवंडले. नाकपुड्या फुलू लागल्या.

केसर म्हणाली, "पोरी, जरा वाढव गो वारा. याला पुरत न्हाय."

"वाढवला तं श्वास बंद पडंल, वयनी. बाईंनी शिकवलंय."

"अगो, पन तो बघ कसा करतोय."

तुळशीराम पुढे झाला. "मैना, यो म्हातारा हाय का? आन खोकला तरी कुठं व्हता याला?"

"नीराबाई कशी गेली ते इसरलास?" मैनाने त्याचा हात माझ्यावरून बाजूला केला. ती रडत होती, पण हलली नाही. त्या मुलीला सदाचा जीव वाचवायचा होता, दुसरे काही नाही. म्हणून तर मला तिच्यावर धड रागावताही येत नाही.

मी बोलू शकलो असतो तर ओरडलो असतो. माझ्या पोटात हवा कोंडलेली होती आणि हाताच्या अंतरावर माणूस हवेवाचून तडफडत होता. उन्हे कलायच्या आत सदा गेला.

गुप्ते डॉक्टर परत आले. त्यांनी रोग्याकडे पाहिले, मग माझ्या काट्याकडे, आणि त्यांना सगळे उमगले. थोड्या वेळाने एसटी आली आणि रतनबाई आत आल्या. मैना त्यांना म्हणाली, "बाई, मी शेवटपातुर बारीकच ठेवला व्हता. तुमी सांगितल्यासारका." बाईंनी कपाटातून मासिक काढले. तळाशी, बारीक अक्षरांत सगळे होते. सगळे रोगी उतारवयाचे. सगळे कित्येक वर्षांचे दमेकरी. सदासारखा एकही नाही. हे त्यांनी पूर्वीही वाचले होते. पण तेव्हा त्यांना त्यात फक्त आपली आई दिसली होती.

"मी सांगते कोळीवाड्यात. चूक माझ्या शिकवण्याची आहे," त्या म्हणाल्या.

"आणि ही पोर?" डॉक्टरांनी मैनाकडे बोट दाखवले. "तिच्या हातून माणूस गेला असे होईल. आणि उद्यापासून एकही कोळी या इस्पितळाची पायरी चढणार नाही. घरात मरतील, पण इथे येणार नाहीत. चालेल तुम्हाला?"

बाई खाली बसल्या. मासिक मिटून त्यांनी मांडीवर ठेवले.

मग डॉक्टरांनी तुळशीरामला मला मागच्या विहिरीपाशी न्यायला लावले. चावी पुरी उघडली. शीळ वाजत माझ्या पोटातला सगळा वारा निघून गेला. ज्याला हवा होता त्याला मिळाला नाही, आणि सुपारीच्या झाडांना फुकट वाटला. काटा शून्यावर आला तेव्हा कोळीवाड्याचा पाटील येसाजी चार माणसांना घेऊन आलाच. डॉक्टर त्याला म्हणाले, "बाटला नासका निघाला, पाटील. वारा आपोआप गळून गेला. दैव."

येसाजीने काटा पाहिला. मान हलवली. केसरलाही तेच सांगितले गेले, बाटल्यात वारा उरलाच नव्हता, पोरीने चावी पुरी फिरवली असती तरी काही निघाले नसते. रतनबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

चोर सोडून संन्याशाला सुळी, म्हणतात ना, ती अशी. ज्याच्या अंगाला सांधा नाही तो गळका ठरला. खंडेनवमीला मला कोणी माळ घातली नाही. भंगारात गेलो. तिथे करवतीने माझे बूड कापले आणि या शाळेने मला घंटा म्हणून घेतले. शाळा कोळीवाड्यातली. केसर समोरच पाटी मांडून बसू लागली. पाटी टेकायच्या आधी एक दगड उचलायची. "मुडदा बसवला तुजा, नासक्या," म्हणायची आणि मारायची. नेम चांगला होता तिचा.

मी एकच इच्छा धरून लटकत राहिलो. कोणीतरी हिला सांगावे की मी रिकामा नव्हतो. रतनबाई या रस्त्याने येत नसत. त्या अजून शिकवतात, असे येणारे जाणारे बोलतात. आता म्हणे शेवटचा प्रश्न त्या सर्वांत आधी विचारायला लावतात, आपला माणूस त्यांच्यासारखा आहे का? वर्गात त्या नाव न घेता सदाची सगळी हकिगत सांगतात. फक्त सदाच्या बायकोला ती ठाऊक नव्हती.

परवा मैना आली. आता ती मुंबईच्या एका इस्पितळात आहे, केस पिकू लागले आहेत. आधी माझ्याजवळ आली, अंगावरून हात फिरवला. मग रस्ता ओलांडून केसरच्या पाटीसमोर बसली आणि तिने सगळे सांगितले. पाठ केलेले वाक्य, बारीक चावी, विहिरीपाशी सोडलेला वारा. मला वाटले, आता माझा आळ गेला. आता ही येईल आणि माझी माफी मागेल.

केसरने पाटीतले बोंबील नीट लावले.

"म्हंजे भरलेला व्हता?"

"व्हय, वयनी."

"आन मी हातभर लांब बसलेली." तिने पदराने तोंड पुसले. "मैना, रिकामा व्हता असं समजून मी इतकी वर्सं झोपले गो. देवानं नेला म्हनलं. आता कशी झोपू?"

मैना उठली तेव्हा केसरने तिच्याकडे पाहिलेही नाही. माझ्याकडेही नाही. त्या दिवसापासून ती मला दगड मारत नाही. मित्रांनो, याचसाठी मी इतकी वर्षे लटकलो होतो, आणि आता वाटते की तो दगड बरा होता.

काल एक नवखी बाई तिच्याकडे आली. वरचे बोंबील बघून तिने पैसे काढले. केसरने तिचे मनगट धरले आणि हात पाटीच्या तळापर्यंत खुपसला. "आधी बघ," म्हणाली. "मंग घे."

तुमच्यातले कोणी उद्या परिचारिका होईल, कोणी डॉक्टर होईल, कोणी मास्तर. तुमच्या पुढे छापलेले कागद येतील. मोठ्या माणसांची वाक्येही येतील. ज्यांच्यावर तुमचा फार जीव आहे, त्यांची तर नक्की येतील, आणि तिथेच हात घालायला जड जाईल. तरी घाला. आणि खाटेवरचा माणूस जिवंत आहे तोवर घाला. नंतर सापडलेले खरे कोणाच्या उपयोगाचे नसते. मला तर त्याने दगडही उरू दिला नाही.

ऐकले असेल तर घ्या हातोडी. शाळा सुटायची वेळ झाली आहे.